खानापूरचं मार्शल इंजिन: कागदं, कोळसा आणि ३१ ट्यूबा

मलप्रभाकाठ
नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो. आमच्या घरामागच्या शेडमध्ये एक मार्शल आहे. इंग्लंडात गेन्सबरो गावी मार्शल, सन्स अँड कंपनी होती, तिथलं चाकांवरचं वाफेचं इंजिन. स्वतः चालत नाही. बैल जुंपून न्यायचं, जागेवर चाकांना ओंडके लावायचे आणि मोठ्या चाकावर पट्टा चढवून मिल फिरवायची. आजोबांनी ते लाकूड कापायच्या मिलीसाठी सेकंडहँड घेतलं. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या बाजूला तेव्हा भुसा आणि ढलप्या फुकट मिळायच्या, म्हणून वीज आल्यावरही कितीतरी वर्षं तेच परवडत होतं. १९७८ च्या पावसाळ्याआधी शेवटचं पेटलं. त्यानंतर त्यावर कोंबड्या बसायच्या.

सहा वर्षांपूर्वी मी ते हातात घेतलं. इंजिनाचा भाग फार बिघडलेला नव्हता. सिलिंडरला आतून गंज धरला होता, तो होन करून (दगडाने बारीक घासून) निघाला. पितळी बेअरिंगं बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ओतून घेतली, क्रँक तर जशीच्या तशी निघाली. खरं दुखणं बॉयलरचं आहे. भट्टीचा गरम धूर पाण्यातून नेणाऱ्या ट्यूबा ३१, त्या सगळ्याच बदलाव्या लागणार. ट्यूबांची टोकं जिच्यात बसतात त्या समोरच्या ट्यूबप्लेटला खालच्या अंगाला खड्डे पडलेत.

प्लेट कशी तपासायची ते मला आमच्या फायरमन मामांनी शिकवलं. आजोबांच्या वेळी ते पोरसवदा होते, भट्टीत लाकूड टाकायला होते. आता त्यांचं वय ८१. शेडमध्ये आले, अर्ध्या पौंडाची हातोडी मागितली आणि कान लावून प्लेटीवर ठोकत गेले. चांगल्या जागी खणखण वाजायचं. फायरबॉक्सच्या खाली जिथे राख ओली होऊन साचते, तिथे आवाज बद्द झाला. म्हणाले, "हितं खा‌ल्लंय." नंतर मशीन लावून जाडी मोजून घेतली, तर नेमकी तीच जागा पातळ निघाली.

आता मुद्द्यावर येतो. इंजिन पुन्हा वाफेवर चालवायचं तर बॉयलरची नोंदणी हवी, तपासणी हवी, दाखला हवा. त्याला माझा अजिबात विरोध नाही. अडचण अशी की बॉयलरच्या प्लेटीवर कोरलेला नंबर मुंबई राज्याच्या काळातला आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात (आताच्या कर्नाटकात) गेला, इंजिन मात्र आपल्या जागेवरच राहिलं. तपासणीचं जुनं पुस्तक आमच्याकडे नाही. इकडच्या कार्यालयात विचारलं तर म्हणाले मूळ नोंद तिकडे महाराष्ट्रात असेल. तिकडे पत्र घातलं तर उत्तर आलं की बॉयलर आता दुसऱ्या राज्यात आहे, त्या राज्याकडून मागणी यायला हवी. दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबरच असेल, पण माझं दीड वर्ष त्यात गेलं. इकडून आलेली पत्रं कन्नडमध्ये, ती शेजारची मुलगी वाचून दाखवते आणि उत्तरही तीच लिहून देते. तिचे उपकार आहेत.

दुसरी गोष्ट माणसाची. बॉयलर पेटवायचा तर दाखला असलेला बॉयलर अटेंडंट लागतो, आणि तो लागायलाच हवा. पण आपल्याकडचे अटेंडंट सगळे साखर कारखान्यांत. उगार, संकेश्वर, निपाणी कुठेही विचारा, गाळप सुरू झालं की माणूस मार्चपर्यंत सुटत नाही. जत्रा-यात्रांत इंजिन दाखवायचे दिवसही तेच. गाळप संपलं की उरतात एप्रिल-मे. जून लागला की खानापूरचा पाऊस, मग शेडच्या बाहेर पाऊल टाकता येत नाही.

खर्चाचं काय सांगू. सहा वर्षांपूर्वी ट्यूबांचा जो भाव काढला होता, त्याच्या दुपटीवर आज गेलाय. मी वर्षातून फार तर तीन-चार दिवस इंजिन पेटवणार. त्यासाठी कागद, तपासणी, माणूस सगळं रोज चालणाऱ्या कारखान्यासारखंच. सीमाभागात आणखी कुणाकडे असं इंजिन असेल, किंवा कुणी यातून गेलं असेल, तर लिहा. मला वाट हवी आहे.

उद्यमबाग
धागा काढलात ते फार बरं केलंत. तुमची बेअरिंगं कुठे ओतली ते मला माहीत आहे, आमच्या शेजारचीच फाउंड्री. ट्यूबांचं सांगतो. भाव वाढला तो नुसता लोखंडाचा नाही. तुम्हाला आयबीआर (भारतीय बॉयलर नियमावली) दाखल्याची ट्यूब लागते. तीच ट्यूब, तीच जाडी, बिनदाखल्याची स्वस्त मिळेल, पण ती बॉयलरमध्ये बसवता येत नाही. दाखल्याची ट्यूब व्यापारी पूर्ण लांबीत आणि बंडलात देतो. तुम्हाला ३१ तुकडे हवेत आणि मार्शलच्या ट्यूबा आखूड, म्हणजे प्रत्येक लांबीत तुकडा वाया जातो. साखर कारखान्यांची दुरुस्ती पावसाळ्यात निघते. त्यांच्या मागणीत तुमची मागणी घालून बघा, बराच फरक पडेल.

आणि एक. त्या पातळ जागेवर कुणी वेल्डिंगचं ठिगळ मारून देतो म्हणालं तर नको म्हणा. आधी मंजुरी, मग दाखला असलेला वेल्डर. आमच्या बेळगावात हात चांगले आहेत, पण रिबीटाचं (रिव्हेटचं) काम करणारा आता एकही राहिला नाही. माझे वडील तापलेला रिबीट चिमट्याने फेकायचे आणि वरचा माणूस डब्यात झेलायचा. ते मी लहानपणी पाहिलंय. आज ते काम मागायला गेलं तर माणूसच मिळत नाही.

बेळगुंदीचा_पोर
मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तांब्याचा छोटा बॉयलर करून मॉडेल चालवायचा विचार आहे, पाणी दोन लिटर मावेल. त्याला पण परवानगी लागतंय काय?

साखरबॉयलर
बाळ, २५ लिटरपेक्षा कमी क्षमतेचं भांडं बॉयलरच्या व्याख्येत येत नाही. ही क्षमता पाणी आत घेणाऱ्या फीड चेक वाल्व्हपासून वाफ बाहेर सोडणाऱ्या मेन स्टॉप वाल्व्हपर्यंत मोजतात. १ किलो प्रति चौरस सेंटिमीटरपेक्षा कमी दाबाचंही येत नाही. तुझं दोन लिटरचं मॉडेल कायद्याबाहेर. पण वाफ कायदा बघून फुटत नाही. सेफ्टी वाल्व्ह दोन बसव, पहिल्यांदा पाणी भरून हातपंपाने दाब देऊन बघ, आणि तांब्याच्या जोडाला चांदीचा झाळच दे. शिशाचा झाळ उष्णतेने सुटतो. पेटवताना एकटा राहू नकोस.

अथणीकर
मी थोडं वेगळं लिहितो, राग मानू नका. नियम जाचक वाटतात हे कळतं, पण ते कशामुळे आले हे विसरू नये. २९ जुलै २००१ ला अमेरिकेत ओहायो राज्यात मेडिना इथे जत्रेच्या मैदानावर एका हौशी माणसाचं वाफेचं ट्रॅक्शन इंजिन (स्वतः चालणारं) फुटलं. पाच माणसं गेली. भट्टीच्या माथ्यावरची प्लेट झिजून पातळ झाली होती आणि वरचं पाणी खाली गेलं होतं. त्यानंतर ओहायोने जुन्या ऐतिहासिक बॉयलरांसाठी वेगळी परवाना पद्धत आणली. इंजिन चालवणारी माणसं अनाडी नव्हती, हौसेने वर्षानुवर्षं चालवणारी होती.

पाण्याची वाफ झाली की आकारमान १,६०० पटींहून जास्त वाढतं. बॉयलर फुटतो तेव्हा आतलं दाबाखालचं गरम पाणी एका क्षणात वाफ होतं. जत्रेत पोरं इंजिनाच्या चाकाला टेकून उभी असतात. माझा सख्खा चुलतभाऊ तांदळाच्या मिलीत वाफेने भाजला होता. बॉयलर फुटला नव्हता, नुसती पाण्याच्या काचेची नळी फुटली होती. त्याचा हात अजून सरळ होत नाही. म्हणून म्हणतो, सवलत मागताना तपासणीतली सवलत मागू नका.

मलप्रभाकाठ
अथणीकर, तुमच्या भावाबद्दल वाचून वाईट वाटलं. राग कसला, तुमचा शब्द न् शब्द पटला. मी तपासणीतली सूट मागत नाही. पाण्याने दाबाची परीक्षा कितीही वेळा घ्या, प्लेटीची जाडी कितीही जागी मोजा. माझं म्हणणं एवढंच की तुम्ही सांगितलेल्या ओहायोने जुन्या हौशी बॉयलरांसाठी वेगळा कप्पा केला. आपल्याकडे तो नाही. वर्षात चार दिवस पेटणाऱ्या १०० पौंड दाबाच्या इंजिनाला आणि रात्रंदिवस चालणाऱ्या कारखान्याच्या बॉयलरला एकच रांग. त्या रांगेत आमच्यासारख्याचा नंबर येत नाही.

साखरबॉयलर
मी ३१ वर्षं साखर कारखान्याच्या बॉयलर विभागात काढली, त्या अनुभवावरून लिहितो.

१९२३ चा बॉयलर कायदा आता गेला. त्याच्या जागी बॉयलर कायदा २०२५ आला. मार्च २०२५ मध्ये लोकसभेने मंजूर केला आणि १ मेपासून अमलात आला. जुन्या सात गुन्ह्यांपैकी जीवित आणि मालमत्ता धोक्यात आणणाऱ्या चार मोठ्या गुन्ह्यांना फौजदारी शिक्षा ठेवली, बाकीचे दंडावर आणले. हौशी इंजिनासाठी मात्र त्यात वेगळा भाग नाही. नोंदणी, दाखला, अटेंडंट सगळं आहे तसंच.

आता तुमचं काम. नंबर कोरलेल्या जागेचा रंग ब्रशने काढा, खरवडू नका. पातळ कागद ठेवून पेन्सिल घासा आणि ठसा घ्या. सोबत फोटो आणि कंपनीच्या पितळी पाटीवरचा इंजिन नंबर जोडा. अर्ज इकडच्या कार्यालयातच करा. तिकडची नोंद त्यांनी मागवावी अशी लेखी विनंती त्याच अर्जात घाला आणि पोच घ्या. तुम्ही स्वतः दोन्हीकडे पत्रं घालत बसलात, तिथे वेळ गेला. मूळ नोंद सापडलीच नाही तर नव्याने मोजमाप करून नोंदणी करण्याबद्दल त्यांच्याशी प्रत्यक्ष भेटून बोला. बसून बोललं की माणसं ऐकतात, हा माझा अनुभव आहे.

परीक्षेची तयारी अशी करा. ट्यूबा बदलून झाल्या की सगळी झाकणं लावून पाणी काठोकाठ भरा, वरच्या कॉकमधून हवा पूर्ण जाऊ द्या. हवा राहिली तर आकडा फसवतो. नोंदणीच्या वेळी चालू दाबाच्या दीडपट दाब देतात, म्हणजे १०० पौंडाला १५०. पण एवढ्या जुन्या बॉयलरला १०० पौंड मिळतील असं धरून चालू नका. वय वाढेल तसा चालू दाब कमी धरतात. ६० मिळाले तरी तुमचं चाक फिरेल, लाकूड थोडंच कापायचंय. आणि फ्युजिबल प्लग नवा घाला. आतलं कथील जुनं झालं की वेळेला वितळत नाही. पाणी खाली गेल्यावर तेच वितळून भट्टीत वाफ सोडतं आणि माणसाला जागं करतं.

तिसरे_गेट
साखरबॉयलर काका, तुमचा प्रतिसाद छापून ठेवावा असा आहे.

माझं बालपण बेळगावच्या तिसऱ्या रेल्वे गेटाजवळ गेलं. मीटर गेजच्या गाड्या, वायपी आणि वायजी इंजिनं. मिरजेकडून येणारी गाडी गेटाजवळ शिटी द्यायची तेव्हा आई गॅलरीतले कपडे आत घ्यायची, काळी राख पडायची म्हणून. १९९० च्या दशकात मार्ग ब्रॉडगेज झाला. ती इंजिनं कुठे गेली ते कुणी सांगितलं नाही. भंगारातच गेली असणार.

रेल्वेच्या इंजिनांना बॉयलर कायदा लागू नाही, रेल्वे स्वतःची तपासणी स्वतः करते. म्हणून हरियाणातल्या रेवाडीच्या शेडमध्ये जुनी इंजिनं अजून पेटतात. त्यांच्याकडे कारखाना आहे, माणसं आहेत, पैसा आहे. खाजगी माणसाकडे यातलं काहीच नाही.

गाड्यांचंही बघा. २०२१ मध्ये ५० वर्षांवरच्या जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आली, नंबरात व्हीए अक्षरं. २०,००० रुपये भरा, दहा वर्षं चिंता नाही. रोज वापरायची नाही, प्रदर्शनाला न्यायची. किती सुटसुटीत! पण ते फक्त दुचाकी आणि चारचाकी मोटारींसाठी. वाफेच्या रोड रोलरला त्यात जागा नाही. टेल्कोने (आताची टाटा मोटर्स) १९४८ मध्ये मार्शलच्याच सहकार्याने वाफेचे रोलर काढले होते. म्हणजे मलप्रभाकाठ यांच्या इंजिनाचे भाऊबंद आपल्या देशातही बनले. त्यांच्यासाठीही अशी दोन अक्षरं कुणी दिली तर किती रोलर वाचतील. चिक्कोडीच्या बाजूला एक रोलर रस्त्याकडेला मातीत अर्धा रुतलेला मी पाहिला होता. मागच्या वर्षी गेलो तर तिथे फक्त खड्डा.

निपाणीकर
कोळशाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. २२ सप्टेंबर २०२५ पासून कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला आणि टनामागचा ४०० रुपयांचा सेस गेला. पेपरात आलं की सेस गेला, स्वस्त होईल. हिशेब करून बघा. टन साधारण ३,०७५ च्या आत असेल तर स्वस्त, वर असेल तर महाग. समजा डेपोवर टन १०,००० ला पडतो. आधी ५०० आणि ४०० मिळून ९०० कर, आता १,८००. खाणीवरून मालगाडी भरून उचलणाऱ्याची गोष्ट वेगळी. आपण पोत्याने घेणारे, आपल्याला चढ्या भावाचाच कोळसा मिळतो आणि कर त्याच्यावर.

ब्रिटनमध्येसुद्धा तीच रड आहे. वेल्समधली मर्थर टिडफिलजवळची फॉस-ई-फ्रान खाण नोव्हेंबर २०२३ मध्ये बंद झाली. तिकडच्या जुन्या रेल्वे चालवणाऱ्या मंडळींनी मग ऑलिव्हच्या बियांचा भुगा घातलेल्या विटा जाळून चाचण्या घेतल्या. आपल्याकडे ऑलिव्ह नाही, चिपाड आहे. गुऱ्हाळावर चिपाडावरच काहील उकळते. नुसतं चिपाड भसकन जळतं आणि ठिणग्या उडतात, पण त्याच्या दाबलेल्या विटा आता मिळतात. मार्शल मुळात ढलप्यांवर चालत होतं, त्याची शेगडी लाकडाची असेल तर विटा नक्की चालतील. धुराड्याच्या तोंडाला जाळी मात्र लावा, जत्रेत कडब्याच्या गंजी असतात.

मलप्रभाकाठ
निपाणीकर, हे डोक्यातच आलं नव्हतं. शेगडीच्या सळ्यांत अंतर मोठं आहे, लाकडाचीच आहे. विटा मागवून बघतो.

उद्यमबाग
एक सुचवू का? बॉयलर होईल तेव्हा होईल, तोवर इंजिन हवेवर फिरवा. आमच्याकडे फिरता कॉम्प्रेसर आहे. बॉयलर वगळायचा, स्टीम चेस्टला (सिलिंडरला वाफ देणाऱ्या पेटीला) नळी जोडायची, दोन किलो दाबावर ते आरामात फिरेल. बॉयलरमध्ये हवा भरायची नाही, हे पक्कं. परदेशात कितीतरी प्रदर्शनांत जुनी इंजिनं अशीच फिरतात.

तिसरे_गेट
हवेवर फिरवणं म्हणजे इंजिन फिरताना दिसेल एवढंच. वास नाही, ऊब नाही. माझ्या मते थांबावं आणि वाफेवरच करावं.

अथणीकर
मला उद्यमबाग यांचं पटतं. फिरत राहिलं तर भाग मोकळे राहतात, आणि पोरांना बघायला मिळतं. थांबून थांबून गंजण्यापेक्षा बरं.

मलप्रभाकाठ
तीन आठवड्यांनी लिहितोय, उशिराबद्दल माफ करा.

परवा रविवारी उद्यमबाग त्यांचा कॉम्प्रेसर टेम्पोत घालून आले. सिलिंडरमध्ये तेल सोडलं, ड्रेन कॉक उघडे ठेवले, मोठं चाक हाताने दोन वेळा फिरवलं आणि वाल्व्ह हळूच उघडला. आधी नुसती फुसफुस. दीड किलोला क्रॉसहेड (पिस्टनच्या दांड्याचं टोक) हललं. चाक एकदा पुढे गेलं, अडलं, मागे आलं. मी हाताने ढकललं आणि मग ते थांबलंच नाही. १९७८ नंतर पहिल्यांदा. शेजारची ती मुलगी, जिने सगळी कन्नड पत्रं लिहून दिली, ती मोबाईलवर चित्रण करत होती आणि तिचे हात थरथरत होते. माझेही.

फायरमन मामांना खुर्ची आणून दिली होती, पण ते बसले नाहीत. चालू इंजिनाजवळ गेले आणि सिलिंडरच्या अंगावर तळवा टेकवला. बराच वेळ तसेच उभे राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "गार हाय रे."

काल साखरबॉयलर काकांनी सांगितल्याप्रमाणे अर्ज दिला. नंबरचा ठसा, फोटो आणि तिकडची नोंद मागवण्याची विनंती, सगळं एकत्र. पोच मिळाली. समोरच्या साहेबांनी इंजिनाचा फोटो दोनदा बघितला आणि पुढच्या महिन्यात जागेवर येऊन बघतो म्हणाले. ट्यूबांची मागणी एका कारखान्याच्या मागणीत घालून घ्यायचं ठरलंय. अटेंडंट एप्रिलमध्ये येतो म्हणालाय.

आता एक अडचण उरली. ट्यूबा बाहेरून अडीच इंची आहेत आणि त्या मापाचा हाताने फिरवायचा जुना ट्यूब एक्सपांडर (ट्यूबेचं तोंड फुगवून प्लेटीत घट्ट बसवायचं हत्यार) मिळत नाही. बेळगाव, निपाणी, कोल्हापूर, मिरज, कुणाच्या जुन्या वर्कशॉपच्या पेटीत पडलेला असेल तर कळवा. विकत नको असेल तर आठ दिवसांसाठी भाड्याने द्या. मी स्वतः येऊन घेऊन जाईन आणि तेल लावून परत आणून देईन.